गिनती

पेठेत तुम्ही दिवेलागणीला पोचता. पुढच्या प्रवासात साल बदलत राहील, वेळ मात्र हीच असेल: गुरं गोठ्यात शिरतायत, कौलांतून धूर निघतोय आणि कुणीतरी उंबऱ्यात उभं राहून विचारतंय, "आले का समदे?"

आत्ता नोव्हेंबर 2022 आहे. खेडचा घाट चढून एसटी वर आली आणि तुम्ही उतरलात. पुढं अवसरीचा घाट उतरला की मंचर. पश्चिमेला सातगाव पठार पसरलंय. बटाटा काढून झालाय, रिकाम्या सऱ्यांमध्ये शेळ्या उरलासुरला पाला खुडतायत.

ज्यांच्या घरी तुम्ही निघालात त्या आबांचं नाव मी सांगणार नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतल्या भिंतींवर हार घातलेले जे खाकी फोटो दिसतात, त्यांतून मिळून झालेला हा एक माणूस आहे. लढाया, धरणं, दुष्काळ खरे आहेत. माणूस अनेकांचा आहे. तुमच्या घरात असा फोटो असेल तर नाव तुम्हीच घाला.

गावात त्यांना 'मिल्ट्रीवाले आबा' म्हणत. गेल्या फेब्रुवारीत गेले. शंभरी गाठायला आठ महिने कमी पडले.

थोरली सून ओसरीवर बसलीय. तिचीही साठी कधीच उलटली. हातात मोबाइल. "बघा की," ती म्हणते, "आबांचा हयातीचा दाखला द्या म्हणून मेसेज आलाय. माणूस जाऊन नऊ महिने झाले." मृत्यूचा दाखला ट्रंकेत आहे, तो काढायला ती तुम्हाला आत नेते. काळी पत्र्याची ट्रंक, डांबरगोळ्यांचा वास, लष्करी घोंगडी. घोंगडीखाली तळहाताएवढी खाकी कापडाच्या बांधणीची वही. तुम्ही ती उघडता. नाव नाही, गाव नाही, नुसत्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा. वरच्या ओळीत नऊ. त्यांतल्या चार खोडलेल्या.

"हे काय ओ?" सून विचारते.

पहिल्या रेघेवर बोट ठेवलंत आणि दिवेलागण बदलली.

*

मार्च 1931. कंदील नाही, नुसती पणती. रस्ता तोच, पण मातीचा, आणि त्यावर बैलगाड्यांची रांग. खेडहून आलेले गाडीवान खालच्या आवाजात बोलतायत. आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूला लाहोरला फाशी दिली, भगतसिंग आणि सुखदेवबरोबर. कुणी म्हणतं, अजून चार महिने झाले नाहीत बाबू गेनूला जाऊन. तो तर ह्याच बाजूचा, म्हाळुंगे पडवळचा. 12 डिसेंबरला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि ट्रक अंगावरून गेला.

गाड्यांच्या चाकांमध्ये आठ वर्षांचं एक पोर बसून ऐकतंय. तुम्ही त्याच्या शेजारी उकिडवे बसता. तुम्ही त्याला दिसत नाही. त्याला राजगुरू म्हणजे काय ते कळत नाही. खेड कळतं, कारण तिथं तो बापाबरोबर बाजाराला गेलाय. ओळखीच्या गावचा कुणीतरी परत येणार नाही, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

"आरं, कुठं उलथलास?" आईची हाक येते. ती उंबऱ्यात उभी राहून मोजतेय: दोन बैल, चार शेळ्या, एक पोरगा. गिनती हा शब्द या घरात यायला अजून नऊ वर्षं आहेत, मोजायची रीत मात्र तिची आहे.

*

1940. पोरगा अठराचा झालाय. पाऊस दगा देतोय, जमिनीचा एक तुकडा सावकाराकडं गहाण आहे, बैलजोडीतला एक विकला गेलाय आणि दुसरा एकटा गोठ्यात उभा आहे. मंचरच्या बाजारात भरतीवाले आलेत. महिना सोळा रुपये, दोन वेळचं जेवण, बूट.

शाळेतले गुरुजी त्याला रस्त्यात गाठतात. "ज्या सरकारनं राजगुरूला फासावर चढवलं त्याचीच खाकी घालणार तू?"

तो खाली बघतो. तुम्हाला वाटतं आता काहीतरी बोलेल. बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज 25 लाखांवर गेली, सगळे आपण होऊन भरती झालेले. त्यांतल्या किती जणांच्या गोठ्यात एकटा बैल उभा होता, ते कुठं नोंदलेलं नाही.

पुण्याहून मीटर गेजच्या गाडीनं रात्रभर, मग बेळगाव. तुम्ही पोचता तेव्हा मैदानावर सूर्य कलतोय. पहिल्यांदा बूट घातल्यानं त्याच्या टाचा सोलल्यात. हवालदार ओरडतो, "गिनती!" रांगेतून आवाज फुटत जातात: एक, दो, तीन. त्याचा आवाज सतरावा. आईच्या मोजणीला इथं असं नाव आहे तर.

ह्या पलटणी मुंबईच्या कंपनी सरकारनं उभ्या केलेल्या. सगळ्यांत जुनी 1768 ची, तिला जंगी पलटण म्हणतात, म्हणजे पाचव्या महरट्टा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. तो तिच्यात जाणार आहे. मार्च 1941 मध्ये बेळगावात बातमी येते: इरिट्रियातल्या केरेनला इटालियनांनी धरून ठेवलेल्या कड्यांवर मराठे चढले, आणि चढताना शिवाजी महाराजांचा जयजयकार करत चढले. पलटणीत सांगतात, तेव्हापासून तीच रणघोषणा झाली. शिवनेरीच्या पायथ्याकडून आलेली पोरं त्या रात्री बराकीत गप्प झोपत नाहीत.

*

1943. आता तुम्ही परत पेठेत आहात आणि तो नाही. तो इराकच्या वाळूतून इटलीकडं निघालाय, हे घरात कुणाला ठाऊक नाही. उंबऱ्यात त्याची बायको उभी आहे. लग्न होऊन तीन महिन्यांत तो गेला. तेव्हा ती पंधराची होती. दोन वर्षांपासून नांगर तिच्याच हातात आहे, सासऱ्याला दम लागतो म्हणून.

पोस्टमन दिसला की आधी ती त्याच्या हाताकडं बघते. तार असेल तर एकच अर्थ. आज तार नाही, मनीऑर्डर आहे. बारा रुपये. खाली फाडून द्यायचं कुपन, त्यावर दोन ओळींपुरती जागा. तिला वाचता येत नाही, म्हणून गुरुजींकडं जाते. हेच ते गुरुजी. ते चष्मा लावून वाचतात: "तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. राहिलेला बैल विकू नका."

"आन् माझ्यासाठी?"

गुरुजी कुपन उलटून बघतात. कोरं आहे. क्षणभर थांबून म्हणतात, "सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. सगळ्यांत तू आलीस."

ती कुपन घडी घालून कनवटीला लावते. सगळ्यांत आपण आलो, हे तिला पुरतं.

*

9 एप्रिल 1945, उत्तर इटली, सेनिओ नदी. इथं तुम्हाला थोडं जास्त थांबावं लागेल.

दुपारपासून विमानांनी पलीकडचा काठ नांगरून काढलाय. कानात नुसती शीळ उरलीय. शेताच्या कडेला दोन पांढरेशुभ्र बैल मरून पडलेत. इकडचे बैल पांढरे, थोराड, खिल्लाराच्या वळणाचे. नाईक झालेला आपला माणूस त्यांच्याकडं बघतो, मग नजर काढून घेतो. दीड वर्षांत त्यानं माणसं पडताना पाहिलीत. बैल बघवत नाहीत.

त्याच्या हाताखाली नऊ जवान होते. खिशात वही आहे, तीत नऊ रेघा. 1943 च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीवर एक गेला, त्या संध्याकाळी त्यानं एक रेघ खोडली. त्यानंतरच्या रोजच्या गिनतीत 'आठ'. स्वतःला तो धरत नाही. सेक्शनचा मुखिया आपल्या माणसांचा हिशोब देतो. तो देतोय म्हणजे तो आहेच.

नदी कसली, आपल्याकडचा ओढाच. पात्र पंधराएक फुटांचं, पाणी चार-पाच फूट. पण दोन्ही अंगांना तीस-पस्तीस फुटांचे मातीचे उभे बांध, बांधांच्या पोटात जर्मनांची बिळं, वर सुरुंगांचा पट्टा. सूर्य मावळायच्या सुमाराला हुकूम येतो.

पुढं गेलेल्या एका तुकडीवर तीन मशीनगन एकदम सुटतात. तिच्यातला धडधाकट उरतो तो एकटा निरोप्या, शिपाई नामदेव जाधव, संगमनेरकडच्या निमज गावचा, वय 23. म्हणजे पेठेवरून जाणाऱ्या ह्याच रस्त्यानं पुढं गेलं की लागणाऱ्या मुलखातला. तो एका जखमीला उचलतो, पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं आणून ठेवतो. परत जातो. दुसऱ्याला आणतो. मग एकटाच मशीनगनवर चालून जातो. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती फेकून देतो आणि हातबॉम्ब घेतो. तिन्ही ठाणी गप्प होतात. तुम्ही मान वर करता तेव्हा तो बांधाच्या माथ्यावर उभा राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करतोय आणि मागच्यांना हात करून बोलावतोय.

आपला नाईक त्या हाकेमागं पाण्यात उतरतो. तुम्हीही उतरा. पाणी थंडगार आहे.

नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात माणगावकडचे यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर. इटलीच्या मोहिमेतल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 हिंदी सैनिकांचे. आणि त्या मातीत राहिलेले हिंदी सैनिक 5 हजारांवर.

रात्री बांधाच्या पलीकडं, कुजबुजत्या आवाजात, गिनती. नाईक अंधारात हातानं चाचपून मोजतो, खांद्याला खांदा. "पाच."

"फिर से गिन," हवालदार म्हणतो.

पुन्हा मोजतो. पाच. तिसऱ्यांदा मोजतो, ह्या वेळी कुणी सांगितलेलं नाही. पाच.

वही बाहेर येते. तीन रेघा खोडल्या जातात. पेन्सिलीचं टोक कागदात रुतलंय, ते तुम्हाला 2022 साली बोटाला लागलं होतं.

*

1946. लढाईपुरती भरती झालेल्यांना लढाई संपली की रजा. हातात थोडी रक्कम, एक घोंगडी, एक ट्रंक. पेन्शन नाही. पुण्याहून आलेली मोटार त्याला रस्त्यावर सोडते तेव्हा अर्थातच दिवेलागण आहे.

उंबऱ्यात तिघं उभी आहेत. बाप म्हणतो, "आलास व्हय." आई त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवते आणि बोटं कानशिलावर मोडते. बायको आत जाते आणि पाण्याचा तांब्या घेऊन येते. सहा वर्षांनी एकमेकांकडं बघितलं तेवढंच. गोठ्यात बैल आहे. म्हातारा झालाय, पण आहे.

गुरुजी भेटायला येतात. तो त्यांच्या पाया पडतो. राजगुरूचा विषय दोघंही काढत नाहीत.

रात्री सगळे झोपल्यावर तो ट्रंक उघडतो. नऊ रेघांखाली एक ओळ मोकळी सोडतो आणि त्याखाली तीन रेघा ओढतो. तुम्ही शेजारी आहात, तुम्हाला दिसतंय: आई, बाप, बायको. मग अंधारात, बेळगावच्या आवाजात, पण अगदी हळू म्हणतो, "तीन."

पुढच्या आयुष्यात त्याला कितीदातरी विचारलं जाणार आहे, आबा, लढाईचं सांगा की. तो म्हणेल, "काय सांगायचं, थंडी लय व्हती."

*

पुढची वर्षं भराभर जातात, तुम्हीही पाय उचला. 1947 च्या पावसाळ्यात मुलगा, 1949 ला मुलगी. दोन रेघा. 1951 ला गोवर येतो आणि मुलीची रेघ त्याच संध्याकाळी खोडली जाते. बायको रडते, तो वही ट्रंकेत ठेवून तिच्याजवळ येऊन बसतो. बराच वेळ. मग म्हणतो, "दूध काढायचंय," आणि त्या दिवशी दूध स्वतः काढतो.

1953 मध्ये विहीर खणताना कातळ लागतो. सुरुंग लावणारे येतात, ओरडून सगळ्यांना लांब पिटाळतात. बार उडतो. धुरळा खाली बसल्यावर लोक बघतात, आपला मिल्ट्रीवाला बांधाआड पालथा पडलाय आणि अंगाखाली सहा वर्षांचा पोरगा दाबून धरलाय. लोक हसतात. पोरगा गुदमरून रडतोय. तो उठतो, चड्डी झटकतो, तोही हसतो. हात मात्र बराच वेळ थरथरत असतो. त्या विहिरीवर मग मोट आली, मोटेच्या जागी किर्लोस्करचं इंजिन आलं, आणि पठारावर बटाटा.

12 जुलै 1961. पोरगा चौदा वर्षांचा, पुण्यात शिकायला, नदीकाठच्या एका खोलीत. लांब असला तरी तो गिनतीत असतो; पोस्टकार्ड आलं की हिशोब बरोबर. आज संध्याकाळी बातमी येते, पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. आदल्या रात्री पानशेतच्या बांधावर जवान वाळूची पोती रचत होते, तरी बांध गेला.

ओसरीवर तो मोजतो. "पाच." सहा हवेत.

कुणी 'फिर से गिन' म्हणत नाही. तो धोतर बदलतो आणि रस्त्यावर येऊन उभा राहतो. बटाट्याचा ट्रक मिळतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या मागं चिखलातून फिरता: भिंतींवर पाण्याची रेघ, तारांवर लटकलेली लुगडी, रस्त्यात उलटं पडलेलं कपाट. पोरगा एका शाळेच्या जिन्यात सापडतो, अंगावर दुसऱ्याचा शर्ट. बाप त्याला जवळ घेत नाही. खांद्यावर हात ठेवतो, अंधारात चाचपून मोजताना ठेवत असे तसा, आणि म्हणतो, "सहा."

पोराला वाटतं, पुराच्या धक्क्यानं बाबा काहीतरी बरळतायत.

*

1972. पठार भाजून निघालंय. दुष्काळी कामावर तो आणि बायको समोरासमोर बसून खडी फोडतायत. मुकादम मस्टर घेऊन हजेरी घेतो. पन्नाशीतला माजी नाईक नाव पुकारलं की सवयीनं ताठ होतो. घरी अमेरिकेची तांबडी मिलो शिजतेय. ताटं कमी पडत नाहीत, ताटांतलं कमी पडतं. बायको शेवटी जेवते, म्हणून तो तिच्यासाठी थांबतो. सुनेला हे नवीन आहे. पुरुषानं बायकोसाठी जेवायचं थांबणं तिनं माहेरी पाहिलेलं नाही.

वहीत आता बापाची आणि आईची रेघ खोडलीय. नातवाची एक नवी आलीय. नंतर झालेल्या आणि आता लग्न होऊन गेलेल्या लेकींच्या रेघांना त्यानं छोटा बाण काढलाय. फौजेत बदली होते, तशी ही बदली. बदली झालेला माणूस दुसऱ्या पलटणीच्या गिनतीत जातो. तो कमी होत नाही.

1984 च्या ऑगस्टमध्ये नामदेव जाधव पुण्यात वारल्याचं कळतं. त्या संध्याकाळी तो जरा जास्त बोलतो. म्हणजे एवढंच: "त्यानं दोघांना परत आणलं." सून विचारते, "कुणी, आबा?" तो भिंतीकडं बघत असतो. बंदुका गप्प केल्याचं तो सांगत नाही, पदकाचंही नाही. दोघांना परत आणलं, हे सांगतो.

*

1998 चा पौष. ओसरीवर माणसं मांडी घालून बसलीत, कुणी बोलत नाही. बायको गेली. जिनं एकट्या बैलावर सहा वर्षं शेत राखलं, कोऱ्या कुपनात स्वतःचं नाव वाचून घेतलं, ती.

रात्री आबा आतल्या खोलीत जातात. ट्रंकेच्या कडीचा आवाज येतो. दार लोटलेलं आहे; आत काय चाललंय ते ह्या एका वेळी तुम्हाला दिसत नाही. बऱ्याच वेळानं ते बाहेर येतात, ओसरीवरची डोकी नजरेनं मोजतात आणि म्हणतात, "नऊ."

"आबा," मुलगा हळूच म्हणतो, "आठ हायेत."

ते पुन्हा मोजत नाहीत. खाटेवर अंग टाकतात.

त्या रात्रीपासून आबांची गिनती एकानं चुकायला लागली. कधी मुलं हसत, कधी डॉक्टरला सांगत. सुनेनं आपल्यापुरता उलगडा केला: इतकी वर्षं स्वतःला धरत नव्हते, आता वय झालंय, स्वतःलाही धरत असतील.

*

30 जुलै 2014. टीव्हीसमोर आबा, 91 वर्षांचे. ह्याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, माळीण गावावर डोंगर खाली आलाय. गाव गेलंय हे बाहेरच्या जगाला आधी एका एसटी ड्रायव्हरमुळं कळलं. रोजच्या रस्त्यानं आला आणि बघितलं तर गाव जागेवर नाही. पुढं दिवसेंदिवस ढिगारा उपसणं चालतं आणि पडद्यावर आकडा वाढत राहतो, दीडशेच्या वर जातो.

आबांना ऐकू कमी येतं, म्हणून ते आकडाच बघत बसतात. "त्या ड्रायव्हरनं गिनती केली," ते म्हणतात. खाली डिंभ्याच्या पाण्याला बाबू गेनू सागर म्हणतात, तेही त्यांना ठाऊक आहे. बैलगाड्यांच्या चाकांत बसून ऐकलेलं नाव.

म्हातारपणी महायुद्धातले सैनिक म्हणून सरकारी मानधन सुरू झालं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मशीनवर अंगठा ठेवायचा. खडी, नांगर, मोटेचा कासरा यांनी अंगठ्याची रेघ न् रेघ झिजवलेली, ठसा उमटत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणते, "आजोबा, पुन्हा ठेवा." पुन्हा. तिसऱ्यांदा. आबा समोर उभे आहेत आणि आबा आहेत हे सिद्ध होत नाही. बाहेर आल्यावर नातू चिडतो. आबा म्हणतात, "वर्सातनं एकदाच इचारत्यात. इचारू दे."

मार्च 2020. टाळेबंदी लागते आणि मुंबई-पुण्याची, चाकणची, हिंजवडीची सगळी पोरं पेठेत परत येतात. चौदा दिवस शाळेत काढून मग घरात. घर सुरू झाल्यापासून एवढी माणसं एका छपराखाली कधी झोपली नव्हती. आबा काठी टेकत ओसरीभर फिरतात, पांघरुणांवरून काठीचं टोक फिरवत मोजतात. एकोणीस जण आहेत.

"वीस," आबा म्हणतात, आणि बऱ्याच वर्षांनी हसतात.

*

पणती, कंदील, बल्ब, आणि आता एलईडी. नोव्हेंबर 2022. वही तुमच्या हातात आहे आणि सून तुमच्या शेजारी खाली बसलीय. तुम्ही जे बघून आलात ते तिला सांगता. सेनिओचं सांगता, जिन्यातल्या पोराचं सांगता. तो पोरगा तिचा नवरा.

मग ती स्वतः बोट ठेवत जाते. वरच्या नऊ इटलीच्या. खालच्या ओळीत पहिली सासऱ्यांच्या आईची, खोडलेली. दुसरी बापाची, खोडलेली. पुढं गोवरात गेलेल्या पोरीची, तीही. बाणवाल्या लेकी. ही माझी, ती म्हणते. ही मुलाची. अगदी शेवटची बॉलपेननं ओढलेली, वाकडी, कागद फाटेल इतकी दाबून: पणतीची, गेल्या वर्षीची.

तिचं बोट मागं येतं आणि तिसऱ्या रेघेवर थांबतं. ही खोडलेली नाही.

"ही आत्याबाईंची," ती म्हणते.

खोडायचा नियम त्यांनी स्वतःच घातलेला, सांग्रोच्या काठावर. तो सख्ख्या लेकीसाठीही मोडला नव्हता. सून बराच वेळ काही बोलत नाही. "म्हंजे चोवीस वर्सं," ती शेवटी म्हणते, "आम्ही म्हातारा चुकतो म्हणत व्हतो."

मग ती वही उजेडाकडं धरते, पानं मागंपुढं करते. "आन् आबांची कुठंय?"

तुम्हीही बघता. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यांनी स्वतःची रेघ कुठंच ओढलेली नाही. पेन तिच्या हातात आहे, पण खोडायला रेघच नाही.

मोबाइल पुन्हा वाजतो. ती बघत नाही. वही घोंगडीखाली ठेवते, ट्रंकेची कडी लावते. बाहेर रस्त्यावरून वळलेल्या मोटरसायकलचा आवाज येतो, कुणाचं तरी पोर रडतं, गोठ्यात गाय हंबरते. ती पदर सावरत उंबऱ्यात जाऊन उभी राहते. "आले का समदे?" ती विचारते आणि बोटांनी मोजायला लागते. आकडाही मोठ्यानं सांगते, पण तेवढ्यात घाट चढून आलेली नाशिकची एसटी हॉर्न देत जाते आणि तो तुम्हाला ऐकू येत नाही.